पेशीला ओळख कोण देते?

आईच्या पोटातील बाळ पहिल्यांदा हलते, तो क्षण आपल्या घराघरांतून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास आईला ती हालचाल जाणवते. प्रत्यक्षात बाळ त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीसच हलू लागलेले असते. त्या वेळी त्याची लांबी बोटाच्या एका पेराएवढीही नसते.

हालचाल म्हटली की स्नायू आला आणि स्नायू म्हटला की त्याला हुकूम देणारी पेशी आली. शास्त्रीय परिभाषेत तिला प्रेरक चेतापेशी म्हणतात. मेंदूच्या देठात किंवा मेरुरज्जूत बसून ती आपला लांब तंतू थेट स्नायूपर्यंत धाडते. घास गिळणे, डोळा फिरवणे, हसणे, श्वास घेणे, हात जोडणे यांतील एकही क्रिया तिच्यावाचून होत नाही. पोलिओचा विषाणू नेमका हिच्यावरच घाला घालतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना दीर्घकाळ खुर्चीला खिळवून ठेवणारा आजारही याच पेशींचा होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात पाठीच्या बाजूला एक नळी तयार होते, तिला चेतानलिका म्हणतात. तिच्या पुढच्या भागाचा मेंदू होतो आणि मागच्या भागाचा मेरुरज्जू. प्रारंभी या नळीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. मग त्यांतील एक स्नायूला हलवणारी प्रेरक पेशी होते आणि तिच्या शेजारची मात्र निरोप पुढे पोचवणारी वेगळीच पेशी होते, हे कसे? कोणी ठरवले? ही ओळख तिला वंशाने मिळते की शेजाराने? या एका प्रश्नामागे शास्त्रज्ञांच्या पाच-सहा पिढ्या लागल्या. त्यांच्या शोधाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

वंश की शेजार?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलची गाठ पडतेच. या ग्रीक तत्त्ववेत्त्याने कोंबडीची उबवणीतील अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून आतील पिल्लाची वाढ पाहिली होती आणि तिसऱ्या दिवशी दिसणारा हृदयाचा धडधडणारा लाल ठिपका नोंदवला होता. बीजात काय असते आणि त्यातून आकार कसा घडतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याला प्रयोगाचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८८८ साली विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेल्या पेशीतून अर्धाच गर्भ घडला. त्यावरून रूने निष्कर्ष काढला की, प्रत्येक पेशीच्या वाट्याचे काम आधीच तिच्यात वाटून दिलेले असते. १८९१ साली हान्स ड्रीश याने समुद्रातील अर्चिन या काटेरी जीवाच्या गर्भाच्या दोन पेशी एकमेकींपासून सोडवून अलग केल्या. प्रत्येकीतून लहान का होईना, पण संपूर्ण जीव घडला! म्हणजे पेशीचे भवितव्य तिच्या भोवतालावरही अवलंबून होते. ड्रीश या प्रकाराने इतका चकित झाला की पुढे तो प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञानाकडेच वळला.

चेतापेशींच्या बाबतीत त्या आधी एक पायाभूत गोष्ट समजली होती. इंग्लंडमध्ये चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजांदी (१८२२) यांच्या कामातून असे दिसले की, मेरुरज्जूच्या पोटाकडील मुळांतून हालचालीचे हुकूम बाहेर पडतात आणि पाठीकडील मुळांतून संवेदना आत येतात. पुढे विल्हेल्म हिस या स्विस शरीरशास्त्रज्ञाने गर्भाचे पातळ छेद घेऊन दाखवले की, ही विभागणी चेतानलिकेतच झालेली असते. नळीच्या खालच्या, म्हणजे पोटाकडील अर्ध्या भागात प्रेरक पेशी जन्मतात आणि त्यांतूनच तंतू बाहेर वाढत जातात.

सर्वांना हे पटले नाही. चेतातंतू हे अनेक पेशींच्या साखळीतून बनत असावेत, असे मानणारा मोठा पक्ष होता. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८९० साली कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूचे टोक पाहिले आणि ते वाट काढीत पुढे सरकते असे सांगितले. त्यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, ते ज्यांच्याबरोबर विभागून मिळाले ते कामिल्लो गोल्जी त्यांच्या मताचे कडवे विरोधक होते. हा वाद प्रत्यक्ष डोळ्यांनी मिटवला अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी. १९०७ साली त्यांनी बेडकाच्या गर्भातील चेतानलिकेचा लहानसा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवला आणि त्यातून तंतू वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवून अभ्यासण्याच्या तंत्राची ही सुरुवात होती.

शेजारी बोलतो

पेशीला शेजारी काही सांगतो याचा सर्वांत प्रभावी पुरावा जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मिळाला. हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड ही तरुणी डॉक्टरेटचे काम करीत होती. न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याच्या फिक्या रंगाच्या जातीच्या गर्भातील एक ठरावीक तुकडा काढून तिने तो गडद रंगाच्या जातीच्या गर्भात, पोटाच्या बाजूला बसवला. परिणामी त्या पोटावर दुसरा गर्भ वाढू लागला, त्याला स्वतःची चेतानलिकाही होती! रंगांच्या फरकामुळे स्पष्ट दिसले की, ही नवी नलिका मुख्यतः यजमानाच्याच पेशींची होती. ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या, त्यांना पाहुण्या तुकड्याने मेंदू व्हायला लावले होते.

हा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरात स्टोव्हचा भडका उडून हिल्डे मांगोल्ड भाजून मरण पावली. ती अवघी २५ वर्षांची होती आणि तिच्यामागे तान्हा मुलगा होता. १९३५ चे नोबेल पारितोषिक श्पेमान यांना मिळाले. हे पारितोषिक मृतांना देण्याची प्रथा नाही. तरीही त्या तुकड्याला आज श्पेमान आणि मांगोल्ड या दोघांचे नाव जोडून ओळखतात, हे योग्यच आहे.

तिच्याच प्रयोगशाळेतील एक सहाध्यायी होता व्हिक्टर हॅम्बर्गर. तो १९३२ साली अभ्यासवृत्तीवर शिकागोला गेला. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीच्या कायद्यान्वये, ज्यू असल्याच्या कारणावरून, फ्रायबुर्गमधील त्याची नोकरी गेली. तो परत गेला नाही. शिकागोत त्याने कोंबडीच्या गर्भाचा पंखाचा अंकुर काढून टाकला आणि पाहिले की, त्या बाजूच्या मेरुरज्जूत प्रेरक पेशी फारच कमी राहतात. म्हणजे स्नायूच नसेल तर त्याला हलवणारी पेशीही नाही. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा कयास असा होता की, अंकुराकडून काही संदेश जाऊन त्यामुळे पेशी प्रेरक बनत असाव्यात.

हा निबंध इटलीतील तुरीनच्या एका तरुण डॉक्टर बाईच्या हाती पडला. रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनाही १९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले होते. त्यांनी आपल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून शस्त्रे केली, कोंबडीची अंडी मिळवली आणि हॅम्बर्गरचा प्रयोग पुन्हा केला. बाँबफेक सुरू झाल्यावर हा सारा संसार खेड्यात हलवावा लागला. त्यांना दिसले ते वेगळेच होते. पंखाचा अंकुर नसला तरी पेशी जन्मतात, तंतूही धाडतात. परंतु पोचायला ठिकाण न मिळाल्याने मागाहून मरतात.

युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांनीच त्यांना सेंट लुईस येथे बोलावून घेतले आणि तपासाअंती त्यांचे म्हणणे मान्य केले. तेथून सुरू झालेल्या वाटेवर चेतापेशींना जगवणाऱ्या एका प्रथिनाचा शोध लागला, ज्यासाठी लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल मिळाले. हॅम्बर्गर यांनी पुढे १९७५ साली मोजदाद करून दाखवले की, धडधाकट गर्भातसुद्धा कोंबडीच्या पायासाठी जन्मलेल्या प्रेरक पेशींपैकी सुमारे ४० टक्के पेशी मरून जातात. निसर्ग आधी हात सढळ ठेवून पेशी घडवतो आणि मग जिचे स्नायूशी नाते जुळते तिलाच राखतो.

या साऱ्यातून एक मोठी गोष्ट निष्पन्न झाली. स्नायू पेशीला जगवतो, पण तिला ओळख देत नाही. ओळख तिला त्याआधीच मिळालेली असते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सिंथिया लान्स-जोन्स आणि लिन लँडमेसर यांनी कोंबडीच्या गर्भातील मेरुरज्जूचे काही खंड, त्यांतून तंतू फुटण्यापूर्वीच, पुढचे मागे असे उलटे बसवले. तरीही त्यांतील पेशींनी वाट वाकडी करून आपापला ठरलेला स्नायू शोधून काढला. मग ही ओळख दिली कोणी?

पृष्ठरज्जूचा निरोप

चेतानलिकेच्या अगदी खाली, पोटाच्या बाजूला, गर्भात एक बारीक दोरीसारखा दांडा असतो, तो पृष्ठरज्जू. मोठेपणी त्याचे अवशेष तेवढे मणक्यांमधील चकत्यांत उरतात. त्यामुळे त्याला फारसे महत्त्व कोणी देत नसे. १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील तोशिया यामादा, मारिसिया प्लाझेक, जेन डॉड, थॉमस जेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या गर्भात दुसऱ्या गर्भाचा पृष्ठरज्जू चेतानलिकेच्या कुशीला आणून बसवला. जेथे एरवी प्रेरक पेशी कधीच जन्मत नाहीत, तेथे त्या जन्मल्या. उलट मूळचा पृष्ठरज्जू काढून टाकला, तर त्या जन्मल्याच नाहीत. निरोप कुठून येतो ते कळले.

निरोप पोचला आहे हे ओळखण्याची खूणही लवकरच हाती आली. स्वीडनमधील संशोधकांना स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींत एक प्रथिन सापडले होते. त्या पेशींचे पुंजके बेटांसारखे दिसतात, म्हणून त्याचे नाव आयलेट. हेच प्रथिन नवजात प्रेरक पेशीतही, ती जन्मताच दिसू लागते असे १९९२ साली आढळले. निसर्ग एकच अवजार निरनिराळ्या कारखान्यांत कसे वापरतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

निरोप नेणारा पदार्थ कोणता, हे मात्र सापडले फळमाशीच्या मदतीने. १९८० साली क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी फळमाशीच्या अळीच्या शरीररचनेत बिघाड करणारी जनुके शोधून काढली. एका जनुकात दोष असलेल्या अळीच्या अंगभर बारीक काटे दिसत. साळिंदरासारख्या काटेरी, पण लहानशा हेजहॉग प्राण्यावरून त्या जनुकाला हेजहॉग नाव पडले. या कामासाठी दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह १९९५ चे नोबेल मिळाले. दरम्यान, १९९३ साली कोंबडी, उंदीर आणि झेब्रामासा यांच्यात या जनुकाचे भावंड सापडले. मुलांच्या व्हिडिओ खेळातील निळ्या पात्रावरून त्याचे नाव सॉनिक हेजहॉग ठेवले गेले. हे जनुक पृष्ठरज्जूत कार्यरत होते आणि त्याचे प्रथिन चेतानलिकेत प्रेरक पेशी घडवू शकत होते.

त्याची कामाची रीत मोठी साधी आहे. प्रथिन खालून वर झिरपते, म्हणून तळाशी ते दाट आणि वर जावे तसे विरळ होते. पेशी त्याचे प्रमाण जोखतात. अगदी तळाशी, जेथे ते सर्वांत दाट, तेथील पेशी चेतानलिकेची तळपट्टी होतात. त्याहून थोड्या वरच्या पट्ट्यात प्रेरक पेशी आणि आणखी वर निरोप फिरवणाऱ्या निरनिराळ्या पेशी. सन २००० च्या आसपास जेम्स ब्रिस्को, योहान एरिक्सन आणि इतरांनी दाखवले की, या प्रमाणानुसार पेशीत काही जनुके जागी होतात आणि ती शेजारच्या पट्ट्यातील जनुकांना आपल्या हद्दीत दबून राहायला लावतात. म्हणून दोन पट्ट्यांमधील बांध शेताच्या बांधासारखा स्पष्ट राहतो. प्रेरक पेशींच्या पट्ट्यातील मुख्य जनुकाचे नाव ऑलिग-२.

हा निरोप चुकला तर काय होते, हे अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या मेंढपाळांनी फार पूर्वीच पाहिले होते. १९५० च्या दशकात तेथे कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. सरकारी संशोधकांनी माग काढला तेव्हा कळले की, गाभण मेंढीने चौदाव्या दिवशी डोंगरातील कॉर्न लिली ही वनस्पती खाल्ली तर असे होते. तिच्यातील पदार्थाला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसावरून सायक्लोपामाइन म्हणू लागले. हा पदार्थ हेजहॉगचा निरोप पेशीपर्यंत पोचू देत नाही, हे १९९८ साली उमगले. माणसातही या जनुकातील दोषामुळे मेंदूचे दोन अर्ध वेगळे न होणारे व्यंग उद्भवू शकते, हे १९९६ साली सिद्ध झाले होते. आम्हाला हा भाग लिहिताना वाटते की, व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकाच्या आईला बोल लावणाऱ्यांनी ही हकीकत एकदा तरी वाचावी.

मेंदूतील खंड आणि चेहऱ्यावरचे हसू

आतापर्यंत आपण वर-खाली हा एकच अक्ष पाहिला. परंतु पेशी प्रेरक झाली एवढ्याने भागत नाही. जबडा हलवायचा की चेहरा, हात की पाय, हेही ठरायला हवे. ते ठरते नळीच्या लांबीवरील जागेनुसार.

मेंदूचा मागचा भाग गर्भावस्थेत फुगीर कड्यांच्या ओळीसारखा दिसतो. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२८ सालीच हे फुगवटे नोंदवले होते. परंतु त्यांना काही अर्थ आहे की ते केवळ सुरकुत्या आहेत, यावर दीर्घकाळ वाद राहिला. १९८९ साली अँड्र्यू लम्सडेन आणि रॉजर केन्स यांनी कोंबडीच्या गर्भात दाखवून दिले की, प्रेरक चेता या खंडांच्या हिशेबानेच निघतात. जबड्याच्या चेतेच्या पेशी दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात, तर चेहऱ्याच्या चेतेच्या पेशी चौथ्या आणि पाचव्या खंडात जन्मतात.

प्रत्येक खंडाला त्याचा क्रमांक देणारी जनुके हॉक्स कुळातील आहेत. माशीच्या अंगावर पंख कुठे आणि पाय कुठे हे ठरवणारे कुळ तेच. चौथ्या खंडाची खूण हॉक्स-बी-१. १९९६ साली हे जनुक नसलेल्या उंदरांत चेहऱ्याच्या प्रेरक पेशी आपली रीत विसरलेल्या आढळल्या. १९९९ साली लम्सडेन यांच्या गटाने उलट प्रयोग केला. कोंबडीच्या गर्भात दुसऱ्या खंडात हे जनुक चालू केले, तेव्हा जबड्याकडे जायचे तंतू चेहऱ्याच्या वाटेला लागले. एका जनुकाने पेशीची ओळख बदलली होती.

या ओळखीची एक खूण आपणा प्रत्येकाच्या डोक्यात आहे. चेहऱ्याच्या प्रेरक पेशी चौथ्या खंडात जन्मून मागे सहाव्या खंडापर्यंत सरकतात आणि जाताना आपला तंतू मागे सोडत जातात. म्हणून मोठ्या माणसाच्या मेंदूतही चेहऱ्याची चेता डोळा बाहेर वळवणाऱ्या पेशींच्या पुंजक्याला वळसा घालून बाहेर पडते. गर्भातील त्या प्रवासाचा हा कायमचा माग.

आणि २०१२ साली ही गोष्ट माणसापर्यंत आली. काही मुले जन्मतःच निर्विकार चेहऱ्याची असतात. ती हसू शकत नाहीत, पापण्या नीट मिटू शकत नाहीत. अशा दोन कुटुंबांतील रुग्णांत हॉक्स-बी-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष सापडला. आई बाळाकडे पाहून हसते आणि बाळ उत्तर देत नाही, यामागे त्याच्या मनातील अढी नसून मेंदूच्या चौथ्या खंडात न पोचलेला निरोप असू शकतो. बाळाला आनंद होत असतो. तो चेहऱ्यापर्यंत पोचवणारी पेशीच घडलेली नसते.

मेरुरज्जूतही याच कुळाची सत्ता चालते. २००३ पासून जेरेमी डेसन आणि जेसेल यांनी दाखवले की, हातासमोरील, छातीमागील आणि पायासमोरील प्रेरक पेशींना वेगवेगळी हॉक्स जनुके वेगवेगळी ओळख देतात. थॉमस जेसेल यांचे २०१९ साली निधन झाले.

या ज्ञानाचे काय करायचे?

निरोपाची भाषा कळली की तो निरोप आपणही देऊ शकतो. २००२ साली हिनेक विख्टर्ले, जेसेल आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातील मूलपेशींना आधी अ-जीवनसत्त्वापासून बनणारे आम्ल दिले आणि मग हेजहॉगचा संदेश. गर्भात जे घडते तेच क्रमाने बशीत घडले आणि प्रेरक पेशी तयार झाल्या. कोंबडीच्या गर्भात सोडल्यावर त्यांनी स्नायूंपर्यंत तंतूही धाडले.

येथे श्रद्धावंताच्या मनात प्रश्न उभा राहतो. मानवी भ्रूण नष्ट करून मिळवलेल्या मूलपेशी वापरण्यास ख्रिस्तसभेचा विरोध आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. परंतु शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतील सामान्य पेशींनाच मूलपेशींसारखे करून दाखवले. त्यांना जॉन गर्डन यांच्यासह २०१२ चे नोबेल मिळाले. २००८ साली प्रेरक पेशींच्या असाध्य रोगाने ग्रासलेल्या ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या कातडीतून प्रेरक पेशी बनवण्यात आल्या. तिच्या रोगाचा अभ्यास तिच्याच पेशींवर करता यावा, हा त्यामागील हेतू. विज्ञान आणि विवेक यांच्या वाटा नेहमीच फुटतात असे नाही.

जन्मतः प्रेरक पेशी झिजत जाणाऱ्या बालकांसाठी २०१६ आणि २०१९ साली अमेरिकेत औषधांना मान्यता मिळाली. सोळा कोटी रुपयांच्या इंजेक्शनासाठी मदतीचे आवाहन करणाऱ्या आईबापांच्या बातम्या आपण मराठी वृत्तपत्रांतून वाचल्या आहेत. शोध लागणे आणि तो गरिबाच्या घरी पोचणे यांत किती अंतर असते, ते त्यावरून कळते.

वंश की शेजार, हा प्रश्न आम्ही आरंभी मांडला होता. इतिहासाने दिलेले उत्तर असे की, दोन्ही. जनुकांची पोथी प्रत्येक पेशीजवळ सारखीच असते. तिच्यातील कोणते पान उघडायचे ते पेशी कोठे उभी आहे आणि शेजारी तिला काय सांगतो यावर ठरते. पेशीवरून माणसाच्या समाजाचे नियम काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तरीही एवढे म्हणावेसे वाटते की, ज्यांना त्यांच्या वंशावरून विद्यापीठाबाहेर घालवले, त्याच दोघांनी प्रेरक पेशीच्या जगण्या-मरण्याचे कोडे सोडवले. त्यांपैकी हॅम्बर्गर १०० वर्षे जगले आणि लेव्ही-मोंताल्चिनी १०३. त्यांना घालवणारे कायदे मात्र फार वर्षे टिकले नाहीत.